सांगलीचा पूर आणि वीस कोटी डॉलरचा गेम

2020 च्या पावसाळ्यात पुण्यातले दोन व्हिडिओ गेम एकापाठोपाठ जगासमोर आले. 18 ऑगस्टला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ निंटेंडो स्विचवर विक्रीला आला. तो बनवणारी नॉडिंग हेड्स गेम्स ही कंपनी म्हणजे मूठभर माणसे. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले होते. ते पुरेसे जमले नाहीत, तरी त्यांनी काम सोडले नाही. दुसरा गेम 10 सप्टेंबरला जाहीर झाला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या 2003 च्या गाजलेल्या खेळाची ती नवी आवृत्ती होती. मालक फ्रान्सची युबिसॉफ्ट आणि काम तिच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे. एवढ्या मोठ्या नावाची मुख्य जबाबदारी आपल्याकडच्या स्टुडिओंवर यावी, याचा इथल्या गेम बनवणाऱ्यांना रास्त अभिमान वाटला होता.

‘राजी’ला त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळासाठी नामांकन मिळाले. ‘प्रिन्स’ची पहिली झलक पाहूनच जगभरच्या खेळाडूंनी चित्रे जुनाट दिसतात म्हणून ओरड केली. तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि मे 2022 मध्ये हा गेम पुणे-मुंबईकडून काढून घेऊन माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवण्यात आला. इथल्या माणसांनी त्यावर घातलेली वर्षे कोणाला दिसलीच नाहीत.

युबिसॉफ्टच्या पुण्यातल्या स्टुडिओत कसब कमी होते असे मी मानत नाही. शहर तेच, पावसाळा तोच आणि दोन्हीकडे काम करणारी मुले बहुतेक सारख्याच कॉलेजांतून आलेली. फरक एवढाच की ‘राजी’ पुरा करायचा की नाही, कसा करायचा, किती वेळ घ्यायचा हे ठरवणारी माणसे तो बनवणारीच होती. ‘प्रिन्स’बाबत हे सगळे पॅरिसमध्ये ठरत होते.

स्वतंत्र गेम की मोठ्या बजेटचा गेम, हा वाद आपल्याकडे बहुधा आवडीनिवडीचा म्हणून घातला जातो. एक म्हणतो मोठ्या गेमची चित्रे बघा, दुसरा म्हणतो छोट्या गेमची कल्पकता बघा. दोघांचेही खरे आहे आणि दोघेही मुद्द्याला बगल देतात. माझे म्हणणे असे की गेमला किती पैसा लागला यावर त्या गेममध्ये काय सांगता येईल आणि काय सांगता येणार नाही हे ठरते. म्हणून सातारा-सांगलीसारख्या मुलखाला हा वाद करमणुकीपुरता सोडून देता येणार नाही. आपले जगणे या माध्यमात कधी येणार की नाही, हे त्यावर अवलंबून आहे.

आधी हिशेब करू. 2023 मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या एका खटल्यात सोनीचे काही कागद नीट न झाकता दाखल झाले आणि एरवी कुलपात राहणारे आकडे बाहेर आले. ‘द लास्ट ऑफ अस : पार्ट टू’ला सुमारे 22 कोटी डॉलर लागले, तर ‘होरायझन : फॉरबिडन वेस्ट’ला 21 कोटी 20 लाख. असा एक गेम 70 डॉलरला विकला आणि त्यातून दुकानाचा नेहमीचा तीस टक्के वाटा वजा केला, तर निव्वळ बनवण्याचा खर्च निघायला 43 लाखांहून अधिक प्रती खपाव्या लागतात. जाहिरात वेगळीच. 2011 च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या 30 लाख होती आणि सांगलीची 28 लाख. दोन्ही जिल्ह्यांतल्या तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत दर चार माणसांतल्या तिघांनी तो गेम पूर्ण किमतीला घेतला, तरच मालक नुकताच तोट्यातून बाहेर येईल.

एवढ्या लोकांना एकाच वेळी आवडेल असे काहीतरी बनवायचे म्हटल्यावर मोठ्या स्टुडिओतला माणूस कितीही प्रतिभावान असो, त्याचे हात बांधले जातात. टेक्सासमधल्या, टोकियोतल्या आणि साओ पावलोतल्या खेळाडूला ओळखीचे वाटेल तेवढेच ठेवायचे. बंदूक ओळखीची, तलवार ओळखीची, जगाचा नाश करायला निघालेला खलनायक ओळखीचा. भाषांचेही तसेच. मोठ्या गेमच्या भाषांच्या यादीत पोलिश असते. पोलंडची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास आहे. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख होते, पण मराठी त्या यादीत सहसा नसते. माणसे किती यापेक्षा ती 70 डॉलर मोजतात का, हे तिथे पाहिले जाते. त्यात कोणाचा दुष्टावा नाही. बजेटच तसे आहे.

मराठ्यांचा इतिहास मोठ्या गेममध्ये येतच नाही असे नाही. 2009 मध्ये आलेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठा साम्राज्य घेऊन खेळता येते, आणि तो डाव 1700 साली सुरू होतो. सातारकराला ते साल नीट ठाऊक असते. डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेब स्वतः अजिंक्यताऱ्याला वेढा घालून बसला. प्रयागजी प्रभूंनी किल्ला चार महिन्यांहून अधिक काळ झुंजवला. एप्रिलमध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले, त्यातल्या एकाचा मलबा बाहेरच्या बाजूला कोसळला आणि त्यांचीच माणसे शेकड्यांनी गाडली गेली. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले होते. ती बातमी पोचल्यावर, दाणागोटा संपत आल्यावर किल्ला द्यावा लागला, आणि बादशहाने त्याचे नाव आझमतारा ठेवले. ‘एम्पायर’ हा चांगला गेम आहे, मी त्याला नावे ठेवत नाही. पण त्यात मराठे म्हणजे नकाशावरचा एक रंग आणि फौजांची एक यादी. वेढ्यात अडकलेल्या किल्लेदाराला धान्य मोजताना काय वाटत असेल, शिबंदीतल्या कोणाचे घर खाली साताऱ्याच्या पेठेत असेल तर तो तटावरून काय बघत असेल, या प्रश्नांना त्या गेममध्ये जागा नाही आणि असणारही नाही. त्याला युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान एकाच डावात सांभाळायचे आहेत.

वेढ्यातल्या माणसाचा गेम बनू शकतो, हे वॉर्साच्या 11 बिट स्टुडिओज या स्वतंत्र कंपनीने 2014 मध्ये दाखवले. ‘धिस वॉर ऑफ माइन’मध्ये सैनिक नायक नाहीत. वेढलेल्या शहरातल्या एका पडक्या घरात राहणारी तीन-चार साधी माणसे तुमच्या हाती असतात. औषध, सरपण आणि खाणे यांतले काय आणायचे आणि कोणाला उपाशी ठेवायचे, हे रोज रात्री ठरवायचे. सारायेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला होता. 2020 मध्ये पोलंड सरकारने त्याला शाळेच्या वाचनयादीत घेतले. हा गेम येण्याच्या एक वर्ष आधी, 2013 मध्ये, लुकास पोप या एकट्या माणसाने ‘पेपर्स, प्लीज’ केला होता. एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर तुम्ही कागद तपासणारे कारकून असता. शिक्का मारायचा की नाही, एवढेच काम. चूक झाली की पगार कापला जातो, घरी मूल आजारी असते, आणि समोर एक बाई म्हणत असते की माझ्याकडे कागद नाही पण नवरा आत्ताच आत गेला आहे. या दोन गेमनी मला सत्तेबद्दल आणि भुकेबद्दल जे शिकवले, ते कोणत्याही महागड्या गेमने शिकवलेले नाही.

कादंबरीत किंवा सिनेमात आपण दुसऱ्याला निर्णय घेताना पाहतो. गेममध्ये निर्णय आपल्याला घ्यावा लागतो आणि त्याचा परिणाम आपल्यापुढे येऊन उभा राहतो. नियम, मर्यादा, अपुरा वेळ आणि निवड, या चार गोष्टींतून हे माध्यम बोलते. या चारांपैकी एकीलाही वीस कोटी डॉलर लागत नाहीत. खर्च होतो तो घोड्याची आयाळ वाऱ्यावर खरी वाटावी म्हणून.

सांगलीचा पूर मला म्हणूनच या माध्यमासाठी फार मोठा विषय वाटतो. पूर मुळात नियमांनीच चालतो. आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असते. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले. वर पाटण तालुक्यात 105 टीएमसीचे कोयना धरण. कराडला कोयना कृष्णेला मिळते, पुढे हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणि खाली कर्नाटकात अलमट्टीचे धरण. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीला पोचायला वेळ लागतो, आणि तेवढाच वेळ गावभागातल्या माणसाच्या हाती असतो. त्या वेळात दुकानातला माल माळ्यावर चढवायचा, की आधी आईला विश्रामबागेतल्या बहिणीकडे पोचवायचे? म्हशींची दावी कापायची का, आणि कधी? शेजारचे आजोबा म्हणतात की 2005 ला पाणी या पायरीवर थांबले होते, मी हलणार नाही. त्यांच्याशी वाद घालण्यात तास गेला तर मारुती चौकातला रस्ता बंद होतो. हरिपूरची हळदीची पेवे जमिनीखाली असतात, आणि 2005 च्या पुरात त्यांच्यात पाणी शिरले होते. व्यापाऱ्याने पेव उघडून हळद बाहेर काढायची की नशिबावर सोडायचे? ब्रह्मनाळला 2019 मध्ये बचावाची बोट उलटली आणि माणसे बुडाली. बोट आली म्हणजे सुटका झाली, असे म्हणायलाही हा गेम कोणाला मोकळीक देणार नाही.

याच गेमचा दुसरा भाग धरणावरच्या अभियंत्याचा असावा. जुलैच्या शेवटी धरण किती भरू द्यायचे? लवकर सोडले आणि पुढे पाऊस रुसला, तर उन्हाळ्यात शेती आणि वीज दोन्ही अडतात. कोयनेच्या पाण्यावर वीज होते आणि ते पाणी सह्याद्रीच्या पलीकडे चिपळूणकडे उतरते, तोही हिशेब आहेच. उशीर केला तर सांगली बुडते. अलमट्टीच्या फुगवट्याबद्दल सांगलीकर आणि कर्नाटक यांच्यात वर्षानुवर्षे भांडण चालू आहे. ज्याने त्या खुर्चीत बसून एकदा दरवाजे उघडले आहेत आणि एकदा बंद ठेवले आहेत, तो त्या भांडणात जास्त समजून बोलेल. एकाही वर्तमानपत्री लेखाने, माझ्या या लेखानेही, ते होणार नाही.

हा गेम मोठी कंपनी करणार नाही. आयर्विन पुलाचे फूट 43 लाख गिऱ्हाइकांना कळत नाहीत. पण सांगली-कोल्हापूर-कराडच्या तीन-चार जणांनी दोन वर्षे खपून, जेमतेम पगार घेऊन तो तीस लाखांत केला असे धरू. तीनशे रुपयांच्या गेममागे दुकान आणि कर वजा जाता दोनशे रुपये हाती आले, तर पंधरा हजार प्रतींत खर्च निघतो. ज्यांच्या घरात पाणी शिरले होते असे पंधरा हजार वाचक, प्रेक्षक, खेळाडू कृष्णाकाठी मिळणार नाहीत असे कोण म्हणेल? आणि पूर बांगलादेशात येतो, व्हॅलेन्सियात येतो. आपला पूर खराखुरा मांडला तर तिथल्या माणसालाही तो कळेल. ‘वेन्बा’ हा 2023 चा छोटासा गेम तेच सांगतो. 1980 च्या दशकात कॅनडात गेलेली एक तमिळ बाई आईच्या पाककृतींच्या फाटक्या वहीतून इडली, पुट्टू, बिर्याणी पुन्हा जमवते आणि मुलगा हळूहळू तमिळपासून दूर जातो. बस, एवढाच तो गेम. टोरांटोच्या विसाई गेम्सने केलेल्या या गेमला 2024 मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचे सर्वोच्च पारितोषिक आणि पदार्पणाचा बाफ्टा मिळाला. न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलाची हीच गोष्ट आहे, फक्त ती आपण केलेली नाही.

‘राजी’कडे परत येतो, कारण तिथे मला एक गोष्ट खटकते आणि ती सांगितली पाहिजे. तो गेम देखणा आहे. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रांची आठवण देणारे रंग, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा, दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन, आणि भावाला शोधायला निघालेली एक मुलगी. पण पुण्यात बनलेल्या त्या गेममध्ये पुणे नाही. आज भारतात मोठमोठ्या घोषणा होतात त्यांतल्या बऱ्याच गेमचे विषयही पौराणिक आहेत. आपल्याला आपले म्हणून फक्त देव-दानवच दाखवता येतात का?

याचे उत्तर सांगलीच्या नाटकाच्या इतिहासात सापडते असे मला वाटते. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले. पाठीशी संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन होते, कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून त्यांनीच भाव्यांना तसे मराठीत करायला सांगितले होते. विषय पौराणिक. सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे प्रसंग पाहून आयत्या वेळी बोलत, लिहिलेले संवाद नव्हतेच. 1851 मध्ये अप्पासाहेब वारले आणि राजाश्रय संपला. भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे सुरू केले, आणि 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक प्रेक्षकाच्या पैशावर उभे राहू शकते हे तिथे सिद्ध झाले. राजवाड्यातून बाहेर पडावे लागले म्हणून ते लोकांचे झाले. आणि त्याच हरिपूरच्या, जिथे वारणा कृष्णेला मिळते तिथल्या गोविंद बल्लाळ देवलांनी 1899 मध्ये ‘शारदा’ रंगभूमीवर आणले. म्हाताऱ्याला देऊ घातलेल्या कोवळ्या मुलीची ती गोष्ट प्रेक्षकांच्या घरातली होती. सीतेपासून शारदेपर्यंत यायला 56 वर्षे लागली. सिनेमाचेही तसेच झाले. 1913 मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, आणि शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1925 मध्ये ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावलेला शेतकरी दाखवला.

नवे माध्यम हाती आले की आपण आधी ओळखीची पुराणकथा त्यात घालून बघतो. त्यात कमीपणा काही नाही, हात बसायला तेच सोपे जाते. ‘राजी’ हे आपल्या व्हिडिओ गेमचे ‘सीता स्वयंवर’ आहे आणि तो मान तिचाच. ‘शारदा’ अजून यायची आहे. ती मोठ्या बजेटमधून येणार नाही, कारण मोठा पैसा घालणारा माणूस पहिल्यांदा विचारतो की ही गोष्ट दिल्लीत आणि दुबईत चालेल का. देवलांना तो प्रश्न पडला असता तर ‘शारदा’ झाले नसते.

सातारा-सांगलीच्या या जोडजिल्ह्यात विषयांचा तोटा नाही. 1943 ते 1946 या काळात, आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता तेव्हा, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालवली. इंग्रज पोलीस मागावर असताना रात्री देवळात बसून सावकाराचा आणि कुळाचा तंटा सोडवायचा, साक्षीदार खरा की फितूर हे ओळखायचे. ‘पेपर्स, प्लीज’च्या धाटणीचा याहून चांगला विषय मला दुसरा सुचत नाही. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी स्वतः उभारलेले बळीराजा धरण आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा देण्याचा त्यांचा नियम, हाही एक पुरा गेम आहे.

आता विरुद्ध बाजू. स्वतंत्र गेमची वाट गुळगुळीत नाही. एकट्या 2024 मध्ये स्टीम या दुकानात अठरा हजारांहून अधिक नवे गेम आले, आणि त्यांतले बहुतेक कोणाच्या नजरेस न पडता बुडाले. एरिक बॅरोनने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने ‘स्टारड्यू व्हॅली’ केला आणि त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या, ही कथा सगळे सांगतात. तसेच चार वर्षे खपून शंभर प्रतीही न खपलेल्यांची कथा कोणी सांगत नाही. बॅरोन त्या काळात थिएटरात डोअरकीपरचे काम करत होता आणि घर मैत्रिणीच्या कमाईवर चालत होते. आपल्याकडे असा आधार प्रत्येकाला नसतो. ज्या मुलाच्या शिक्षणाचे कर्ज फिटायचे आहे त्याने पुण्यातल्या मोठ्या स्टुडिओतली नोकरी धरली, तर त्याला दोष देणारा मी कोण? मोठ्या कंपन्यांनी या मुलांना हत्यारे चालवायला शिकवले, हेही त्यांचे देणे आहे. आणि छोटा म्हणजे आपोआप प्रामाणिक असेही नाही. ‘स्टारड्यू’ची नक्कल करणारे शेतीचे गेम ढिगाने आहेत. ‘स्वतंत्र’ हा शिक्काही आता विकाऊ झाला आहे. 2023 मध्ये द गेम अवॉर्ड्सच्या स्वतंत्र गेमच्या यादीत ‘डेव्ह द डायव्हर’ होता, आणि तो बनवणारी कंपनी नेक्सॉन या कोरियन धनदांडग्याची शाखा. चित्रे ठोकळ्यांची असली म्हणजे गेम स्वतंत्र होत नाही. निर्णय कोणाच्या हाती आहे ते बघावे.

मात्र मोठा पैसा सुरक्षित असतो हा समज काढून टाकला पाहिजे. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ 23 ऑगस्ट 2024 ला आला आणि 6 सप्टेंबरला बंद झाला. लोकांचे पैसे परत दिले गेले, आणि ऑक्टोबरात तो बनवणारा स्टुडिओही बंद झाला. वर्षानुवर्षे खपलेल्या माणसांचे काम दोन आठवड्यांत असे नाहीसे झाले की आज ते खेळूनही बघता येत नाही. छोटा गेम बुडतो तेव्हा तीन-चार घरांना झळ बसते, पण गेम निदान राहतो. पाच वर्षांनी कोणीतरी तो उघडून पाहू शकतो.

आपल्याकडच्या बहुतेक मुलांना मात्र यातले काहीच दिसत नाही. प्लेस्टेशन पन्नास हजारांच्या आसपास, त्यावरचा नवा गेम पाच हजारांचा. विट्यातला, कोरेगावातला, जतचा मुलगा खेळतो तो मोबाइलवर, आणि फुकट. पबजी मोबाइलवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, जुलै 2021 मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून परत आला. मला या खेळाचा तिटकारा नाही. मित्रांबरोबर स्क्वाड करून खेळण्यात खरी मजा आहे, आणि कुस्तीच्या आखाड्यात येते तशी ईर्ष्याही आहे. पण हे फुकटचे खेळ मोठ्या भांडवलाचेच खेळ आहेत, फक्त त्यांचा पैसा मुलाच्या सवयीतून वसूल होतो. सीझन संपला की रँक खाली येतो, पुन्हा चढायचे. यूसी हे खेळातले चलन विकत घेतले की पोशाख मिळतो, जिंकण्याशी त्याचा संबंध नाही. खेळाला शेवट नसतो, कारण शेवट झाला तर धंदा थांबेल. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ते योग्यच झाले. पण बंदीने मुलाच्या हाती चांगले काही येत नाही. ‘पेपर्स, प्लीज’, ‘धिस वॉर ऑफ माइन’, ‘स्टारड्यू’ हे तिन्ही मोबाइलवर मिळतात, एकदाच पैसे द्यायचे, आणि त्यांतल्या पहिल्या दोहोंना शेवट आहे. शेवट असलेला खेळ मुलाला परत त्याच्या दिवसाकडे जाऊ देतो, याची किंमत आईबापांनी ओळखावी.

साधनांची अडचण आता पूर्वीइतकी नाही. गोडो हे गेम बनवण्याचे इंजिन फुकट आणि मुक्त आहे, त्रिमित चित्रे करण्याचे ब्लेंडरही तसेच. स्टीमवर गेम मांडायला शंभर डॉलर लागतात. मिरजेच्या सतारी आजही छोट्या घरगुती कारखान्यांत, दोन-तीन माणसांच्या हातांनी तयार होतात आणि देशभरच्या मैफलींत वाजतात. मोठी यंत्रे नाहीत म्हणून मिरजेने तंतुवाद्ये करायची थांबवली नाहीत. 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी तीन हजार कोटींहून अधिक रकमेचे धोरण मंजूर केले. असा पैसा मुख्यतः इमारती, पार्क आणि मोठ्या गुंतवणूकदारांकडे वळतो. त्यातले फक्त दहा कोटी बाजूला काढून वीस-वीस लाखांची अनुदाने द्यावीत, अट एकच : गेम मराठीत हवा आणि बनवणाऱ्यांच्या मालकीचा राहायला हवा. पन्नास गेम होतील. मेलबर्नच्या हाउस हाउस या छोट्या चमूच्या ‘अनटायटल्ड गूज गेम’ला व्हिक्टोरिया राज्याच्या चित्रपट संस्थेने अशीच मदत केली होती, आणि 2019 मध्ये तो जगभर गाजला.

सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात आणि कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प होतात. हजेरीचे सॉफ्टवेअर आणि पार्किंगची व्यवस्था पुरे झाली. प्राध्यापकांनी यंदा एका गटाला तरी कृष्णेच्या पुराचा गेम करू द्यावा, आणि त्या गटात एक मुलगा किंवा मुलगी मराठी साहित्य शिकणारी असावी, म्हणजे पात्रे माणसांसारखी बोलतील. नाट्यसंस्थांनी त्यांना आवाज द्यावेत, वृत्तपत्रांनी नाटक-सिनेमाइतक्याच गांभीर्याने परीक्षण लिहावे. आणि वाचकांनो, असा पहिला गेम बेतास बात निघाला तरी तो पैसे देऊन घ्या. दुसरा गेम त्याच पैशांतून बनायचा आहे.